मेंदूचे डावे-उजवे आणि हृदयाचे नियंत्रण : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

मेंदूच्या दोन गोलार्धांमध्ये कामाची वाटणी झालेली असते, ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. इ. स. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील इजा दाखवून दिली आणि पुढील काही वर्षांत भाषेचा संबंध प्रामुख्याने डाव्या गोलार्धाशी जोडला गेला. विसाव्या शतकात रॉजर स्पेरी यांनी दोन गोलार्धांना जोडणारा सेतू छेदलेल्या रुग्णांवर जे प्रयोग केले, त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यानंतर मात्र शास्त्रीय निरीक्षणांची लोकप्रिय आवृत्ती वेगाने पसरली. तर्कनिष्ठ माणूस ‘डाव्या मेंदूचा’ आणि कलावंत ‘उजव्या मेंदूचा’ अशी वर्गवारी प्रशिक्षण शिबिरांतून व स्वयंविकासाच्या पुस्तकांतून सर्रास होऊ लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूप्रतिमा तपासल्या. काही विशिष्ट कार्ये एका बाजूला झुकलेली असतात हे त्यांत दिसले; पण संपूर्ण व्यक्तीच डावी किंवा उजवी असते, याला आधार मिळाला नाही. तरीही ही वर्गवारी मागे हटलेली नाही.

या कल्पनेची एक कमी परिचित शाखा वैद्यकशास्त्रात रुजली आहे. उजवा गोलार्ध अनुकंपी चेतासंस्थेद्वारे हृदयाची गती व रक्तदाब वाढवितो आणि डावा गोलार्ध परानुकंपी चेतासंस्थेद्वारे हृदयाला शांत करतो, असे विधान गेल्या तीन दशकांतील अनेक शोधनिबंधांच्या प्रास्ताविकात जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात आढळते. हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा त्याचा भार पेलतो काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रश्न केवळ शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकांपुरता नाही. पक्षाघाताच्या कित्येक रुग्णांचा पहिल्या काही दिवसांतील मृत्यू मेंदूपेक्षा हृदयाच्या बिघाडाने ओढवतो. कोणत्या रुग्णाच्या हृदयावर अधिक लक्ष ठेवावे, या व्यावहारिक निर्णयावर डाव्या-उजव्याच्या या विधानाची छाया पडू शकते.

हृदयाशी पोचणारे डावे-उजवे

चिकित्सेच्या आरंभी एक गोष्ट मान्य करणे आवश्यक आहे. हृदयाच्या चेतापुरवठ्यात डाव्या-उजव्याचा भेद खरोखरच आहे आणि तो मेंदूच्या खूप खाली, छातीत व मानेत, स्पष्टपणे दाखविता येतो. हृदयाची लय ज्या पेशीसमूहात जन्म घेते ती सायनस गाठ उजव्या कर्णिकेत असते, आणि तिच्यावर प्रामुख्याने उजव्या व्हेगस चेतेची सत्ता चालते. डाव्या व्हेगसचा प्रभाव त्याहून अधिक पडतो तो कर्णिका व जवनिका यांच्या दरम्यान असलेल्या गाठीवर. अनुकंपी बाजूलाही असेच आहे. मानेच्या पायथ्याशी असलेली उजवी स्टेलेट गुच्छिका उद्दीपित केली असता हृदयगती ठळकपणे वाढते; डावी उद्दीपित केली असता गतीपेक्षा जवनिकांच्या आकुंचनाचा जोर आणि त्यांची विद्युत्-स्थिती यांवर परिणाम अधिक होतो.

ही माहिती शवविच्छेदनगृहातील कुतूहल म्हणून राहिलेली नाही. हृदयालेखातील क्यू-टी अंतर जन्मतःच लांबलेले असण्याच्या विकारात रुग्णाला अचानक घातक लयबिघाड होतो. १९७१ मध्ये मॉस आणि मॅकडॉनल्ड यांनी अशा रुग्णावर डाव्या बाजूच्या अनुकंपी चेता छेदण्याची शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. पीटर श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा १४७ रुग्णांचा वृत्तान्त मांडला, तेव्हा प्रतिरुग्ण वार्षिक हृदयघटनांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ९१ टक्क्यांनी घटलेले आढळले. निवड डाव्या बाजूचीच होते, कारण जवनिकांना अस्थिर करणारा प्रवाह मुख्यतः त्या बाजूने येतो. अपस्मारावर उपचार म्हणून व्हेगस चेतेला विद्युत्-उद्दीपन देणारे उपकरण बसविताना शल्यविशारद डावी व्हेगस निवडतात, तेही सायनस गाठीला धक्का लागू नये म्हणूनच. अमेरिकेत या उपचाराला १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

हा भेद भ्रूणाच्या वाढीतून येतो. सरळ नळीसारखे असलेले हृदय वळण घेते, त्याच्या उजव्या व डाव्या भागांना आपापल्या बाजूच्या चेता लाभतात, आणि पुढे ही ठेवण कायम राहते. येथे ‘कार्यविभागणी’ हा शब्द वापरायचा तर तो भूगोलाच्या अर्थाने वापरावा लागेल; कोणत्या गावाला कोणता रस्ता जातो, एवढाच त्याचा अर्थ. एक बाजू उत्तेजक आणि दुसरी शामक, असा प्रकार येथे नाही. दोन्ही बाजूंना अनुकंपी चेताही आहेत आणि व्हेगसही आहे. या तपशिलाचा उपयोग पुढे होणार आहे.

पाच रुग्णांची कथा

मेंदूच्या बाह्यकापर्यंत हा भेद नेण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतामधील लंडन या शहरात काम करणाऱ्या गटाकडे जाते. स्टीफन ओपनहायमर आणि डेव्हिड सेचेटो यांनी १९९० मध्ये उंदरांच्या इन्सुला या भागात हृदयगती वाढविणारी व मंदावणारी स्थाने वेगवेगळी असल्याचे दाखविले. इन्सुला म्हणजे मेंदूच्या बाजूच्या खोल घळीत झाकलेला, बेटासारखा बाह्यकाचा तुकडा. शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना तेथे पोचतात, आणि तेथून हायपोथॅलॅमस व लंबमज्जेकडे जाणारे मार्ग निघतात. पुढच्याच वर्षी याच गटाने हृदयाच्या ठोक्याशी जुळवून इन्सुलाला उद्दीपन दिल्यास उंदरात प्राणघातक लयबिघाड होऊ शकतो, हेही दाखविले. मेंदूच्या एका लहानशा भागातून निरोगी हृदय थांबविता येते, हे निरीक्षण निश्चितच महत्त्वाचे होते.

१९९२ मध्ये ओपनहायमर, गेल्ब, गर्व्हिन आणि व्लादिमीर हाचिन्स्की यांचा मानवी इन्सुलावरील निबंध प्रसिद्ध झाला. अपस्मारासाठी शंखखंडावर शस्त्रक्रिया होणार असलेल्या पाच रुग्णांच्या इन्सुलाला त्यांनी विद्युत्-उद्दीपन दिले. डाव्या इन्सुलाच्या उद्दीपनाने हृदयगती मंदावणे व रक्तदाब घटणे हे परिणाम, गती व दाब वाढण्याच्या तुलनेत, अधिक वेळा आढळले. उजव्या बाजूला याच्या उलट घडले.

संपूर्ण विषयात सर्वाधिक उद्धृत होणारा निबंध बहुधा हाच असेल. म्हणून त्यातील दोन गोष्टींवर थांबणे भाग आहे. पहिली म्हणजे संख्या. पाच रुग्ण दोन बाजूंत वाटले गेले की प्रत्येक बाजूला दोन-तीनच माणसे उरतात. एका रुग्णात अनेक ठिकाणी उद्दीपन देऊन निरीक्षणांची संख्या वाढविता येते, परंतु माणसांची संख्या त्याने वाढत नाही. एका रुग्णात विद्युदग्र इन्सुलाच्या पुढच्या भागावर आणि दुसऱ्यात मागच्या भागावर पडला असेल, तर त्या दोहोंमधील फरक डाव्या-उजव्याचा आहे की पुढच्या-मागच्याचा, हे ठरविणे अवघड होते. दुसरी गोष्ट ‘अधिक वेळा’ या शब्दांची. मूळ निबंधात दोन्ही बाजूंनी दोन्ही प्रकारचे परिणाम मिळाले आहेत. फरक त्यांच्या प्रमाणाचा आहे. लेखकांनी हे लपविलेले नाही. पुढील उद्धरणांच्या प्रवासात मात्र ‘अधिक वेळा’ गळून पडले आणि ‘उजवा अनुकंपी, डावा परानुकंपी’ एवढे सूत्र शिल्लक राहिले. शास्त्रीय वाङ्मयात सूत्रे अशीच तयार होतात. मूळ लेखकाची सावधगिरी ही त्याच्या निष्कर्षाइतकी उद्धृत करण्याजोगी वाटत नाही.

तर्कातील एक अडचण

या सूत्रात आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मेंदूच्या एका बाजूची उत्तेजना त्याच बाजूच्या अनुकंपी मार्गाने खाली उतरते आणि हृदयाला असमतोल चेतना मिळते, असे गृहीतक लेन आणि श्वार्ट्झ यांनी १९८७ मध्ये मांडले होते. भावनिक क्षोभात अचानक मृत्यू का येतो, याचे स्पष्टीकरण त्यांना हवे होते. हा एकाच बाजूने उतरणारा मार्ग मान्य केला, तर उजव्या गोलार्धाच्या उद्दीपनाने हृदयगती का वाढावी हे सहज समजते : उजवी स्टेलेट गुच्छिका सायनस गाठीला पोचते.

पण सायनस गाठीला उजवी व्हेगसही पोचते. मार्ग खरोखरच एकाच बाजूने उतरत असेल, तर गती वाढविण्याची आणि ती मंदावण्याची, दोन्ही कामे उजव्या गोलार्धाने अधिक प्रभावीपणे करावयास हवीत. डाव्या इन्सुलाने गती मंदावते हे निरीक्षण मग या मार्गात बसत नाही. ते बसवायचे तर परानुकंपी मार्ग ओलांडून विरुद्ध बाजूला जातो, किंवा डाव्या गोलार्धाचे काम उजव्याला आवरण्याचे आहे, असे वेगळे गृहीत धरावे लागते. अशी गृहीते अशक्य नाहीत. तथापि छातीतील सिद्ध भेदाचा दाखला देऊन बाह्यकातील भेद जणू त्याचाच वरचा मजला आहे, असे सुचविण्याची जी पद्धत पडली आहे, तिला या तर्काने छेद जातो. दोन भेद एकमेकांचे पुरावे होऊ शकत नाहीत. खालच्या भेदात डावे-उजवे म्हणजे दोन प्रदेश आहेत. वरच्या भेदात डावे-उजवे म्हणजे दोन वृत्ती मानल्या जातात. शब्द एकच असल्यामुळे हा फरक नजरेआड होतो.

शिवाय, बहुतेक प्रयोगांत मोजली जाते ती हृदयगती, कारण ती मोजणे सोपे. हृदयगती ही सायनस गाठीची, म्हणजे मुख्यतः उजव्या बाजूच्या चेतांची, बातमी देते. जवनिकांच्या विद्युत्-स्थितीची बातमी तीत जवळजवळ नसते. डाव्या अनुकंपी प्रवाहाने गती न वाढविता जवनिकांना अस्थिर केले, तर गती मोजणाऱ्या प्रयोगात डावी बाजू ‘शांत’ म्हणूनच नोंदली जाईल. क्यू-टी विकाराच्या रुग्णांत हीच बाजू प्राणघातक ठरते, हे वर आलेच आहे.

अर्धा मेंदू निजवून

उद्दीपनाच्या उलट मार्ग म्हणजे एक गोलार्ध काही मिनिटे निष्क्रिय करणे. जुहन वाडा यांनी १९४९ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत एका बाजूच्या मानेतील रोहिणीत अमोबार्बिटाल हे औषध सोडतात. त्या बाजूचा गोलार्ध काही काळ निद्रिस्त होतो आणि रुग्णाची भाषा कोणत्या बाजूला आहे ते कळते. झाम्रिनी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या चाचणीदरम्यान हृदयगती नोंदविली. डावा गोलार्ध निष्क्रिय झाल्यावर गती वाढली, उजवा झाल्यावर घटली. यून व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणि हिल्झ व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच पद्धतीने स्वायत्त नियंत्रणातील गोलार्धभेदाला दुजोरा दिला.

पाच रुग्णांच्या निबंधापेक्षा हा पुरावा निःसंशय भक्कम आहे. एका रुग्णाच्या दोन्ही बाजू त्यात तपासता येतात. पण रुग्णाच्या अनुभवाचा विचार केला तर शंका उरते. डावा गोलार्ध निजला की बहुतेकांची वाचा बंद होते. माणूस जागा आहे, समोर डॉक्टर प्रश्न विचारीत आहेत, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. अशा वेळी हृदय धडधडू लागले तर ते डाव्या गोलार्धाचा परानुकंपी लगाम सुटल्यामुळे, की घाबरल्यामुळे? उजवा गोलार्ध निजला असता पुष्कळदा रुग्णाला स्वतःच्या लुळ्या पडलेल्या हाताचीही जाणीव राहत नाही आणि तो निर्धास्त असतो. हृदयगतीतील फरक मनःस्थितीतील फरकाचा परिणाम असू शकतो. ‘भावनिक प्रतिक्रिया हीच तर गोलार्धांची विशेषता आहे’, असे यावर म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. परंतु मग हा हृदयनियंत्रणाच्या केंद्राचा पुरावा राहत नाही. भीतीने हृदय धडधडते या जुन्या माहितीचा तो एक गुंतागुंतीचा नमुना होतो.

अपस्माराच्या झटक्यांतून मिळणारा पुरावा येथे थोडक्यात सांगून पुढे जाता येते. उजव्या शंखखंडातून उद्भवणाऱ्या झटक्यांत हृदयगती लवकर वाढते, असे काही अभ्यासांत आढळले. गती मंदावण्याचे, क्वचित हृदय थांबण्याचे, प्रसंग मात्र दोन्ही बाजूंच्या झटक्यांत नोंदले गेले आहेत. त्यातच झटका एका बाजूला सुरू होऊन काही क्षणांत दुसरीकडे पसरतो.

मोजपट्टीचा प्रश्न

हिल्झ, यून आणि पक्षाघातावरील अनेक अभ्यासकांनी हृदयगतीच्या चढउतारांचे गणिती विश्लेषण वापरले आहे. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत. त्या सूक्ष्म चढउतारांत वेगवेगळ्या वारंवारता दडलेल्या असतात. १९९६ मध्ये युरोपीय व उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या कृतिगटाने या मोजमापाचे मानदंड प्रसिद्ध केले. ०.१५ ते ०.४ हर्ट्झ या उच्च पट्ट्यातील चढउतार श्वसनाशी व व्हेगसशी निगडित मानले जातात, ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा निम्न पट्टा. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे अनुकंपी व परानुकंपी यांचा ‘तोल’, असे समजण्याची प्रथा पडली.

ड्वेन एकबर्ग यांनी १९९७ मध्येच या ‘तोला’च्या संकल्पनेवर कठोर टीका केली होती. जॉर्ज बिलमन यांनी २०१३ मध्ये हे गुणोत्तर दोन चेतासंस्थांचा तोल अचूकपणे मोजत नाही, असे सविस्तर मांडले. निम्न पट्ट्यात व्हेगसचाही मोठा वाटा असतो, आणि दोन्ही संस्था नेहमी तराजूच्या पारड्यांसारख्या एक वर तर दुसरी खाली अशा चालत नाहीत. त्या एकाच वेळी वाढू शकतात. त्यातून श्वासाची गती बदलली की उच्च पट्ट्यातील आकडा बदलतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा श्वास बिघडलेला असणे हे नित्याचेच. तेव्हा डाव्या-उजव्याच्या वाङ्मयातील ‘अनुकंपी वर्चस्व’ हे शब्द जेथे केवळ या गुणोत्तरावर उभे आहेत, तेथे वाचकाने ते शब्द बाजूला ठेवून मूळ आकडे पाहावेत हे बरे.

तराजूची ही प्रतिमा भारतीय वाचकाला विशेष मोहक वाटते, याचे कारण हठयोगाच्या परंपरेत आहे. डाव्या नाकपुडीशी जोडलेली शीतल इडा आणि उजव्या नाकपुडीशी जोडलेली उष्ण पिंगला यांची जोडी आधुनिक चेताशास्त्राच्या जोडीवर जशीच्या तशी बसविण्याचा प्रयत्न वारंवार होतो. योगक्रियांना प्रयोगशाळेत आणण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून ते काम सुरू केले. त्यांची दृष्टी मोजमापाची होती. एका नाकपुडीने श्वास घेण्याचा एक अभ्यास शर्ली टेलिस, नागरत्ना व नागेंद्र यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. उजव्या नाकपुडीच्या प्राणायामाने प्राणवायूचा वापर ३७ टक्क्यांनी वाढला, एवढा एक आकडा त्यातून उचलला जातो. त्याच अभ्यासात डाव्या नाकपुडीच्या गटात २४ टक्के आणि आलटून-पालटून श्वास घेणाऱ्यांत १८ टक्के वाढ होती. ‘शीतल’ बाजूनेही वापर वाढलाच, फक्त कमी. येथेही ‘अधिक’चे रूपांतर ‘विरुद्ध’मध्ये झाले. परंपरेच्या अर्थवत्तेला यामुळे बाधा येत नाही; मात्र तिला शरीरक्रियाशास्त्राची साक्ष म्हणून उभे करणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

पक्षाघाताची साक्ष

गृहीतकाची खरी कसोटी रुग्णालयात लागते. उजवा गोलार्ध अनुकंपी आणि डावा परानुकंपी असेल, तर कोणत्या बाजूचा पक्षाघात हृदयाला अधिक घातक ठरावा? उजवे केंद्र नष्ट झाले तर अनुकंपी जोर घटून हृदय सुरक्षित राहावे आणि डावे नष्ट झाले तर धोका वाढावा, असे सरळ अनुमान निघते. प्रत्यक्षात आरंभीच्या बहुतेक अभ्यासांत धोका उजव्या बाजूच्या इजेशी जोडलेला आढळला. अंकारा येथील टोकगोझोग्लू व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, तसेच कोलिविक्की व सहकाऱ्यांनी इटलीतून २००४ मध्ये, उजव्या इन्सुलाला इजा झालेल्या रुग्णांत हृदयगतीची स्वाभाविक चंचलता कमी झाल्याचे दाखविले. पहिल्या अभ्यासात त्याचा संबंध अचानक मृत्यूशी, तर दुसऱ्यात लयबिघाडांशी लावला गेला. स्पष्टीकरण असे देण्यात आले की, उजवी इन्सुला खालच्या केंद्रांना आवरून धरते व ती नष्ट झाल्याने आवर सुटतो. उद्दीपनाने गती वाढली तर ते केंद्र उत्तेजक आणि नाशाने धोका वाढला तर तेच केंद्र आवरणारे. दोन्ही निकाल ज्या गृहीतकात सामावतात, त्याला खोटे ठरण्याची संधीच उरत नाही.

२००६ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘न्यूरॉलॉजी’ या एकाच नियतकालिकात त्या वर्षी दोन निबंध आले. हकान आय व सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतर रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूच्या इजेची खूण, उजव्या इन्सुला व तिच्या लगतच्या भागांच्या इजेशी निगडित असल्याचे दाखविले. लाओवट्टाना व सहकाऱ्यांनी डाव्या इन्सुलाच्या पक्षाघातानंतर हृदयविषयक अनिष्ट घटना अधिक होतात, असे दाखविले. २०१७ मध्ये क्राउझे व सहकाऱ्यांनी बर्लिनमधून पुन्हा उजव्या इन्सुलाच्या पुढच्या-वरच्या भागाकडे बोट दाखविले. या अभ्यासांपैकी एखादाच खरा व बाकीचे खोटे, असे समजण्याचे कारण नाही. उजव्या पुढच्या इन्सुलाचा हृदयस्नायूच्या इजेशी काही विशेष संबंध असावा, हे आता नाकारणे कठीण आहे. पण ‘काही विशेष संबंध’ आणि ‘डाव्या-उजव्याची विभागणी’ यांत मोठे अंतर आहे.

या अभ्यासांतील रुग्ण निवडले कसे जातात, हेही पाहिले पाहिजे. केवळ इन्सुलापुरता मर्यादित पक्षाघात विरळा. बहुधा मेंदूच्या मधल्या रोहिणीच्या मोठ्या प्रदेशाबरोबर इन्सुला बाधित होते. त्यामुळे इन्सुलाच्या नावावर जमा होणारा धोका कित्येकदा मोठ्या पक्षाघाताचा असतो. रोगाची तीव्रता समान ठेवून तुलना करावी, तर तीव्रता मोजणाऱ्या प्रचलित अमेरिकी गुणपद्धतीत ४२ पैकी ७ गुण थेट भाषेशी संबंधित आहेत आणि शरीराच्या वा अवकाशाच्या एका बाजूकडे दुर्लक्ष होण्याला केवळ २. भाषा डावीकडे असल्याने डाव्या पक्षाघाताला लवकर गुण मिळतात. तेवढेच गुण मिळालेल्या उजव्या पक्षाघातात मेंदूचा नाश सरासरीने मोठा असतो. म्हणजे कागदावर तीव्रता समान केली तरी उजवीकडे प्रत्यक्ष इजा अधिक राहते. याशिवाय वाचा गेलेला रुग्ण संमतिपत्र देऊ शकत नाही, म्हणून डाव्या बाजूचे गंभीर रुग्ण अभ्यासातून गळण्याचा संभव असतो. उजव्या बाजूचा धोका फुगून दिसण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत.

२०१९ मध्ये शूशू व सहकाऱ्यांचा फ्रान्समधील अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच रुग्णांच्या प्रयोगाची मोठ्या प्रमाणावर केलेली ही फेरतपासणीच म्हणता येईल. अपस्माराच्या ४७ रुग्णांच्या इन्सुलात १०० उद्दीपने देण्यात आली. २६ वेळा हृदयगती मंदावली, २१ वेळा वाढली, उरलेल्या वेळी काहीच झाले नाही. उजव्या आणि डाव्या बाजूंनी गती मंदावणे व वाढणे सारख्याच वारंवारतेने घडले. फरक आढळला तो पुढच्या-मागच्याचा : गती वाढविणारी स्थाने दोन्ही बाजूंना मुख्यतः मागच्या इन्सुलात, मंदावणारी त्यापुढे मधल्या भागात. डाव्या-उजव्या बाजूंच्या उपविभागांत काही असमानता होती; पण ओपनहायमर यांनी उंदरांत १९९० मध्येच जी पुढची-मागची रचना पाहिली होती, तिच्याशी या निकालाचे नाते १९९२ च्या निकालापेक्षा जवळचे दिसते. या रुग्णांचा मेंदूही निरोगी नव्हता आणि येथेही मोजली गेली ती हृदयगतीच. असे असूनही पाचांच्या निबंधावर ‘सर्वमान्य’ असा शिक्का मारून सत्तेचाळिसांचा निबंध ‘विवादास्पद’ म्हणून तळटीपेत टाकणे योग्य होणार नाही.

वर्गात शरीरक्रियाशास्त्र शिकविताना हृदयाच्या चेतापुरवठ्यातील डावा-उजवा भेद ठामपणे शिकवावा. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर सिद्ध झालेला आहे. इन्सुलाचा हृदयाशी संबंध तितकाच ठामपणे शिकवावा. गोलार्धांच्या वाटणीचे सूत्र मात्र ‘अधिक वेळा’ या मूळ शब्दांसह आणि २०१९ च्या निकालासह शिकविले जावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत तीव्र पक्षाघाताच्या रुग्णाची हृदयलय किमान पहिले २४ तास सतत तपासावी, असे सांगितले आहे. तेथे बाजूचा उल्लेख नाही. जेथे यंत्रे मोजकी आणि खाटा भरलेल्या असतात, तेथे निवड करण्याची वेळ येते, आणि ‘उजव्याला धोका अधिक’ हे वाक्य अशाच वेळी आठवते. उजव्या पक्षाघाताचा रुग्ण आपल्याला काही झालेच नाही असे मानून छातीतील कळ सांगत नाही. डाव्या पक्षाघाताच्या रुग्णाला ती कळ जाणवते, पण सांगायला शब्द नसतात.